गाळलेलं ‘असं’

सोमवार, ४ जानेवारी

चौदा महिन्यांच्या निवृत्तीनंतर आज पुन्हा कामाला जुंपलो. ही म्हणाली, “बरं झालं. माझ्या बोलण्यातल्या चुका काढणारा माणूस दिवसाचे आठ तास तरी घराबाहेर राहील.” चौतीस वर्षं मी लोकांचं बोलणं लघुलिपीत उतरवलं. घरी आल्यावर कान काय खुंटीला टांगून ठेवायचे?

सरकारने समिती नेमली आहे. प्रश्न एकच: शरीरविक्रयाच्या धंद्याला कायद्याने परवाना द्यावा की नाही. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत, दुपारी तीननंतर त्यांना डुलकी येते. सचिवबाई सगळ्यांना घड्याळ दाखवत फिरतात. सदस्यांत लक्षात राहील असा एकच, एक मोठे कारखानदार. त्यांनी शहरभर पाण्याची यंत्रं बसवून दिली आहेत. आमच्या व्हरांड्यातही एक आहे आणि त्यावर त्यांच्या आईच्या नावाची पाटी आहे. मी त्यांचं नाव दानशूर ठेवलं आहे. अर्थात फक्त या डायरीत.

साक्षीदारांनी घाबरू नये म्हणून त्यांना नावं नाहीत, क्रमांक आहेत, आणि त्यांचा आवाज मुद्रित करायचा नाही. म्हणून तर माझ्यासारख्या म्हाताऱ्याला बोलावणं आलं. मी बोलणं लघुलिपीत घ्यायचं, त्याची स्वच्छ प्रत करायची, आणि प्रतीवर अध्यक्षांची सही झाली की लघुलिपीची वही यंत्रात घालून तिचा भुगा करायचा. आजवर एकही वही मी मागे ठेवलेली नाही.

सचिवबाईंनी ताकीद दिली, “काका, स्वच्छ म्हणजे स्वच्छ. आं-ऊं, पालुपदं, सगळं गाळा. वाचणाऱ्याला वाक्य मिळालं पाहिजे.” बाई, पालुपदं गाळण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. शिवाय मी ती फेकत नाही, इथे टिपून ठेवतो. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, मी पालुपदं जमवतो. आजची भर अशी. अध्यक्ष: ‘काय आहे की’. सचिवबाई: ‘मुद्द्याचं बोला’. दानशूर: ‘माणुसकी म्हणून’.

बुधवार, १३ जानेवारी

सकाळी निवारागृहाचे चालक बोलले. परवाना दिलात तर दलालाला राजरोस दुकान मिळेल, आज जो भिंतीआडून मुली आणतो तो उद्या पाटी लावून आणेल, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं.

दुपारी क्रमांक चार आली. पन्नाशीची बाई, आवाज खणखणीत, पालुपद ‘खरं सांगू का’. अध्यक्षांनी विचारलं, परवाना हवा का?

“खरं सांगू का साहेब, हवा. पोलीस पुढच्या दाराने आला की आम्ही मागच्या दाराने पळायचं. दवाखान्यात गेलं की आम्ही उठल्यावर खुर्ची पुसून घेतात. गिऱ्हाइकाने हाणलं तर सांगायचं कुणाला? मला कुणी पळवून नाही आणली. भुकेलं पोट घेऊन आले. परवाना असला तर निदान माझं अंग माझ्या नावावर होईल.”

हेही पटलं. माझं मत म्हणजे शेवटी बोलेल त्याचं. लघुलेखकाने मत बाळगलं की हात चुकतो, असं माझे शॉर्टहँडचे मास्तर सांगायचे.

घरी आलो तर बहिणीचा फोन. लेक दोन वर्षं माहेरी का बसली आहे, हा तिचा नेहमीचा प्रश्न. मी म्हटलं, तिच्या मर्जीने आली आहे. स्वयंपाकघरातून ही ओरडली, “त्याने बॅग दाराबाहेर ठेवून आतून कडी लावली, तेही सांगा!” असले तपशील फोनवर सांगायचे नसतात. हिला ते कळत नाही.

बुधवार, २० जानेवारी

क्रमांक सात. वय वीस. बरोबर निवारागृहातली एक बाई होती, तिला आत येऊ दिलं नाही. मुलीने उभं राहून टेबलाभोवतीच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि जी गप्प झाली ती झालीच. सचिवबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी बोलली, पण फरशीकडे बघून.

एका आजारी म्हातारीची सेवा करायची नोकरी आहे, म्हणून ओळखीच्या मावशीने तिला गाडीत बसवलं. म्हातारी काही कधी भेटली नाही. शहराबाहेरच्या एका बंगल्यात ठेवलं. तिथे येणारे सगळे बडे लोक. ड्रायव्हर फाटकाबाहेर, बूट दाराबाहेर, मोबाइल मात्र आत.

“मोबाइल समोर धरायचे असं. नाव विचारायचे असं. मग, मी माझ्या मर्जीने आलेय असं...”

इथे तिचा आवाज अडकला. दानशूरांनी हात वर करून तिला थांबवलं. “राहू दे, राहू दे. माणुसकी म्हणून आधी तिला पाणी द्या.” शिपाई यंत्राकडे निघाला तर त्याला म्हणाले, “गार नको रे. कोमट दे.” अध्यक्षांनाही बरं वाटलं. पोरीने पेला दोन्ही हातांनी धरून ठेवला, प्यायली मात्र नाही. मग अध्यक्षांनी पुढचा प्रश्न घेतला, सुटका कशी झाली. ती ते सांगत बसली. स्वयंपाक करणाऱ्या बाईने एका सकाळी फाटकाचं कुलूप लावलंच नाही, असं काहीतरी.

जाताना तिने विचारलं, “साहेब, परवाना कुणाला देणार? मला, का त्याला?” अध्यक्ष म्हणाले, “काय आहे की, इथे प्रश्न आम्ही विचारायचे असतात.”

व्हरांड्यात निवारागृहातल्या बाईने सांगितलं, मुलीचा खालचा दात अर्धा तुटलाय, गार पाणी लागलं की ठणकतो. बोलताना तो दिसत नाही. मला नाही दिसला, आणि मी तिच्या तोंडाकडेच बघत होतो. दानशूरांनी ओळखलं कसं कोण जाणे! केवढं लक्ष माणसाचं!

पालुपद: ‘असं’. उदाहरणार्थ, ‘मी माझ्या मर्जीने आलेय असं’. एकूण एकतीस वेळा. सगळे गाळले.

शुक्रवार, २२ जानेवारी

आज दानशूर स्वतः माझ्या टेबलाशी आले. आजवर कुठला सदस्य लघुलेखकाच्या टेबलाशी आलेला मी पाहिला नाही. क्रमांक सातची स्वच्छ प्रत उभ्यानेच वाचली, एका पानावर थांबले, तेच पान पुन्हा वाचलं. मला वाटलं, शुद्धलेखनाची चूक सापडली. तर म्हणाले, “काय सुरेख उतरवलंय हो. कुठे काही लोंबत नाही.”

चौतीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. मान ताठ झाली, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी घरची चौकशी केली. मी लेकीचं बोललो. शिक्षिकेची पदविका आहे, अनुभव आहे, पण मधे खंड पडला म्हणून कुणी घेत नाही. ते म्हणाले, “आमच्या शाळेत पाठवा की सोमवारी. माणुसकी म्हणून एवढं तर करूच.”

मी घरी सांगितलं तर लेक रडायलाच लागली. ही म्हणाली, “अचानक एवढं काय पाहिलं त्यांनी तुमच्यात?” मी म्हटलं, माझं मराठी.

सोमवार, १ फेब्रुवारी

लेक शाळेत रुजू झाली. तिसरीचा वर्ग. आरशासमोर उभी राहून साडीच्या निऱ्या तीनदा सोडून पुन्हा घातल्या. कितीतरी महिन्यांनी ती घाईत दिसली.

अध्यक्षांच्या सह्या झाल्या. सगळ्या वह्या यंत्रात घातल्या आणि नोंदवहीत सही केली. सचिवबाई म्हणाल्या, इतक्या वेळेवर काम कुणी करत नाही.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी

अहवाल प्रसिद्ध झाला. शिफारस: परवाना द्यावा. कुणाला, तर ‘केंद्रचालकाला’. ग्राहकाचं नाव गुप्त ठेवावं. केंद्रात येणाऱ्या प्रत्येक स्त्रीकडून एक छापील निवेदन सही करून घ्यावं, आणि ते असल्यास तिची पुढची कुठलीही तक्रार ग्राह्य धरू नये. निवेदनाचा मसुदा परिशिष्टात दिला आहे. एकाच ओळीचा आहे: ‘मी माझ्या मर्जीने आले आहे.’

मुखपृष्ठावरही तीच ओळ, खाली ‘साक्षीदार क्रमांक सात’. वर्तमानपत्रांनीही तेच मथळ्याला घेतलं. माझं वाक्य! म्हणजे तिचं, पण घासून पुसून मीच दिलेलं. वर्तमानपत्र हिला दाखवलं. हिने वाचलं आणि विचारलं, “मग ती पळाली कशाला?”

मी म्हटलं, संदर्भ माहीत नसताना बोलू नये. पण तो संदर्भ काय, हे मलाही नीट सांगता येईना.

मंगळवार, २ मार्च

आवराआवरीसाठी अजून महिनाभर ऑफिसला जायचं आहे. दुपारी क्रमांक चार आली. “माझं काय लिहिलंय ते वाचून दाखव. मला वाचता येत नाही, पण माझं बोलणं मला ओळखता येतं.” मी वाचून दाखवलं. ऐकता ऐकता हसली. “बोलले मीच, पण तू मला पार शाळामास्तरीण करून टाकलीस.” मग अहवालावरच्या मोठ्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाली, “आणि हे काय?”

मी वाचलं. मी माझ्या मर्जीने आले आहे.

तिचं हसू गेलं. “हे कुठल्याच पोरीचं नाही. हे त्यांचं आहे.”

“कुणाचं?”

“बड्या गिऱ्हाइकांचं. खरं सांगू का, आमच्या गल्लीतला फाटका माणूस येतो, जातो, नाव पण विचारत नाही. हे बडे लोक आधी मोबाइल धरतात आणि पोरीकडून एवढं म्हणवून घेतात. उद्या लफडं झालं तर दाखवायला. म्हणत नाही तिला म्हणायला लावतात. बड्यांच्या बंगल्यांतून सुटलेली प्रत्येक पोर हे वाक्य झोपेत पण बोलते. पाठच असतो. तिने नुसतं एवढंच सांगितलं का? पुढे काही म्हणाली असेल ना, असं बोलायला लावायचे, असं?”

असं.

ती जाताना म्हणाली, “परवाना मला अजून पाहिजे. पण माझ्यासाठी मागितला होता, त्यांच्यासाठी नाही.”

घरी येऊन २० जानेवारीचं पान काढलं. ‘मी माझ्या मर्जीने आलेय असं’. पुढे तीन टिंबं. आपल्या भाषेची ही खोड मला ठाऊक नाही असं कोण म्हणेल? दुसऱ्याचं म्हणणं आपण आधी सांगतो, आणि ते दुसऱ्याचं आहे हे शेवटी सांगतो. त्या शेवटाचा पहिला शब्द ‘असं’. तिचं वाक्य पुलाच्या मधोमध अडवलं होतं, आणि मी पुढचा पूलच काढून टाकला. एकतीस ‘असं’ गाळले, त्यातले तीस गाळण्याजोगे होते. मूर्ख. गाढव. मास्तर असते तर कान पिळला असता.

गुरुवार, ४ मार्च

क्रमांक सातच्या वकीलबाई आल्या. तिशीच्या आहेत. खांद्याला फाइलींची पिशवी आणि चपलेचा अंगठा तुटलेला. बंगल्याच्या मालकिणीवर आणि त्या मावशीवर खटला उभा आहे, मुली फसवून आणल्याचा. आरोपीच्या वकिलाने समितीचा अहवालच कोर्टात दिला: फिर्यादी स्वतः सांगते आहे, मर्जीने आले, मग फसवणूक कुठली?

“ती आता कोर्टात सांगेलच ना, तसं म्हणायचं नव्हतं म्हणून,” मी म्हटलं.

“सांगेल. ते म्हणतील, मागाहून सुचलं. काका, त्या दिवशी तोंडातून निघालेलं, त्याच दिवशी लिहिलेलं असं काही पाहिजे. तुमची वही कुठे आहे?”

वहीचा भुगा केल्याचं सांगितलं. त्या भिंतीला टेकल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मी डायरीबद्दल बोलून गेलो. पिशवीतच होती. तेवढं एकच पान दाखवलं, बाकीची पानं हाताने दाबून धरून.

त्यांनी ते पान दोनदा वाचलं. मला वाटलं, ‘असं’ पाहताहेत. पण बोट दुसरीकडेच थांबलं होतं. “हे कोमट पाण्याचं तुम्ही त्याच दिवशी लिहिलंत?”

“हो.”

“काका, दानशूर म्हणजे तो कारखानदार ना? हिला आपण आधी कधी भेटलेलो नाही, असं त्याने सभेपूर्वी लिहून दिलंय. सगळ्याच सदस्यांनी दिलंय, नियम आहे तसा.” मग अगदी हळू म्हणाल्या, “ती नाव घ्यायला घाबरते. दात कसा तुटला विचारलं की खोलीबाहेर जाते. आणि तुम्ही हे लिहून ठेवलंय.”

मी इतका ढ आहे? पोरीने पेला नुसता धरून ठेवला होता, आणि मी टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या होत्या.

मी म्हटलं, एवढ्या पानाची स्वच्छ प्रत करून देतो, खाली सही करतो. त्या म्हणाल्या, “प्रत नको. तुमची स्वच्छ प्रत एकदा झाली आहे. अख्खी डायरी लागेल, मूळ. दोन्ही बाजू वाचतील.”

अख्खी. म्हणजे लेकीची बॅग, तिची नोकरी कुणी दिली, का दिली, सगळं. सोमवारपर्यंत वेळ मागून घेतला.

शुक्रवार, ५ मार्च

लेकीच्या वर्गातल्या एका मुलाने तिला चिठ्ठी दिली: ‘बाई तुम्ही रोज या’. तिने ती पर्समध्ये ठेवली आहे. आज दोनदा काढून दाखवली.



रविवार, ७ मार्च

हिला सांगितलं. सगळं. मला वाटलं होतं, समजूत घालेल. म्हणाली, “मी विचारलं होतं, अचानक काय पाहिलं तुमच्यात. तुम्ही म्हणालात, मराठी.” आणि भाजीची सुरी तशीच हातात धरून बसून राहिली.

लेक दारात उभी होती, किती वेळ ते माहीत नाही. म्हणाली, “बाबा, डायरीत माझ्याबद्दल काय लिहिलंय?” मी ते पान दाखवलं. ‘तिच्या मर्जीने आली आहे’. तिने वाचलं. “आईने ओरडून सांगितलेलंसुद्धा लिहिलंत. म्हणजे डायरीत तरी पूर्ण लिहिता.”

“नोकरी जाईल,” मी म्हटलं.

“जाईल. मला नोकरी पाहिजे, बाबा, खूप पाहिजे. पण ती मला त्या मुलीच्या अर्ध्या वाक्यावर मिळाली असेल तर मी त्या वर्गात उद्या उभी कशी राहू ते तुम्ही सांगा.” आणि मग रागानेच, “सांगा ना! तुम्हाला तर सगळ्यांची वाक्यं येतात!”

मी तिच्यावर चिडलो, ओरडलो, ताटावरून उठलो. तिचं बरोबर होतं म्हणूनच चिडलो.

सोमवार, ८ मार्च

आज ही डायरी वकीलबाईंना देणार. ही शेवटची ओळ.

शुक्रवार, १९ मार्च

नवी वही. लेकीने तिच्या शाळेच्या साठ्यातली दिली होती, चौकटीची, गणिताची. आता ती शाळेत परत देता येणार नाही.

साक्षीदारांच्या यादीत माझं नाव कोर्टात लागलं मंगळवारी. आज दुपारी मुख्याध्यापिकेने लेकीला बोलावलं, समोर कोरा कागद ठेवला, पेनही दिलं. लेक घरी येऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावून उभी राहिली. मी विचारलं, काय झालं?

“बाई म्हणाल्या, लिहा: मी माझ्या मर्जीने राजीनामा देत आहे, असं.”

मी तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतलं आहे. ‘असं’सकट.

तिने चिठ्ठी पर्समधून काढून देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात ठेवली. माझ्याशी ती अजून फारसं बोलत नाही. आईला मात्र म्हणाली, बाबांनी डायरी दिली ते बरं केलं.

गुरुवार, ८ एप्रिल

आज कोर्टात माझी साक्ष झाली.

वकीलबाईंनी चांगलं सुरू केलं. २० जानेवारीचं पान मी वाचलं, मोठ्याने, शेवटच्या तीन टिंबांसकट. मुलगी मागच्या बाकावर होती, मान खाली. मी समजावून सांगितलं: दुसऱ्याचे शब्द सांगताना आपण ‘असं’ म्हणतो, वाक्य तिथे अडवलं गेलं, ते पुढे ‘म्हणायला लावायचे’ असंच जाणार होतं. न्यायाधीश लिहून घेत होते. मला वाटलं, जमलं.

मग आरोपीचे वकील उठले. तरुण, गोड आवाजाचे. म्हणाले, “काका, आपण फार व्यवस्थित लिहिता. त्याच पानाच्या शेवटची ओळ वाचता का?”

वाचली.

“पुन्हा एकदा, जरा मोठ्याने.”

“पालुपद: ‘असं’. उदाहरणार्थ, ‘मी माझ्या मर्जीने आलेय असं’. एकूण एकतीस वेळा. सगळे गाळले.”

“पालुपद म्हणजे काय, कोर्टाला सांगाल?”

मी काय सांगणार? म्हटलं, उगाच वारंवार येणारा, अर्थ नसलेला शब्द.

“अर्थ नसलेला. हे आपण त्याच दिवशी, कुणी न विचारता लिहिलंत. आणि उदाहरण म्हणून नेमकं हेच वाक्य निवडलंत. चौतीस वर्षांचा अनुभव. तेव्हाचं मत खरं, की लेकीची नोकरी गेल्यानंतरचं?”

मी म्हटलं, नोकरी नंतर गेली. ते म्हणाले, “बरं, तसं.” कुणीतरी मागे हसलं. मग पाण्याचं निघालं. त्यांनी तीही ओळ माझ्याकडूनच वाचून घेतली. ‘केवढं लक्ष माणसाचं!’ उद्गारचिन्हासकट. ते न्यायाधीशांना म्हणाले, “साक्षीदाराला त्या दिवशी यात दया दिसली, महाराज. ज्याने शहराला पाणी पाजलं, त्याने एका मुलीला कोमट पाणी द्यायला सांगितलं. हा गुन्हा असेल तर माझं काही म्हणणं नाही.”

दानशूरांना बोलावण्याचा वकीलबाईंचा अर्ज फेटाळला. डायरीतला मजकूर संदिग्ध आहे, आणि लिहिणाऱ्यानेच त्याचा वेगळा अर्थ लावला आहे, असा शेरा पडला. साक्षी संपल्या. निकाल पुढच्या महिन्यात आहे, पण वकीलबाईंच्या चालण्यावरून तो मला आजच कळला. चपलेला त्यांनी नवा अंगठा घातला होता.

व्हरांड्यात बाकावर बसून राहिलो. मुलगी आली. शेजारी नाही, समोर उभी राहिली. मला वाटलं, शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं. म्हटलं, “पोरी, माझं चुकलं.” माफी मागताना याहून लांब वाक्य सुचलं नाही.

ती म्हणाली, “काका, ते वाक्य मी पुरं करू का? कुणीच पुरं करू दिलं नाही.”

कोट घालणारी माणसं जात-येत होती. शिपाई खोल्यांना कुलपं लावत होता. माझ्याकडे वही नव्हती. खिशात समन्स होतं, त्याची मागची बाजू कोरी होती. ती मांडीवर धरली आणि पेन काढलं. लघुलिपीत नाही घेतलं. साध्या अक्षरात घेतलं, प्रत्येक शब्दाला थांबून, आणि तीही थांबली. पहिल्यांदाच फरशीकडे न बघता बोलली. काही गाळलं नाही. ते इथे उतरवतो.

“मी माझ्या मर्जीने आलेय असं मोबाइलसमोर म्हण, नाही म्हणालीस तर दुसरा दात पाडीन, असं म्हणायचा तो, आणि म्हटलं की स्वतःच्या हाताने कोमट पाणी द्यायचा, माणुसकी म्हणून, असं.”

शेवटचं ‘असं’ तिने हाताने दाखवलं. पेला पुढे धरल्यासारखा हात. मी ते वाचून दाखवलं. तिने मान हलवली, बरोबर आहे म्हणाली, आणि विचारलं, आता हा कागद कुठे द्यायचा?

मी खोलीच्या दाराशी गेलो. शिपाई म्हणाला, कोर्टाची वेळ संपली.